घरातल्या कर्त्या पुरुषाच्या आठवणी लिहायच्या तर काय लिहावे?

धंतोलीचा_नातू

नमस्कार. माझे आजोबा गेल्या वर्षी पौषात वारले. घरात आणि गावात सगळेच त्यांना आबाजी म्हणत. वर्षश्राद्धाच्या दिवशी काटोल तालुक्यातल्या आमच्या गावी एक छोटी स्मरणपुस्तिका वाटावी असे कुटुंबाने ठरवले आहे, आणि मी नागपुरात राहतो म्हणजे छापखाने माझ्या हाताशी आहेत, एवढ्याच कारणावरून ते काम माझ्याकडे आले.

नातेवाइकांनी पाठवलेला मजकूर वाचल्यावर मात्र मी अडचणीत पडलो आहे. प्रत्येकाने मनापासून लिहिले आहे यात शंका नाही. पण आबाजी कष्टाळू होते, शिस्तप्रिय होते, बाहेरून फणस होते, कुटुंबाचा वटवृक्ष होते, यापलीकडे कोणी गेलेलेच नाही. नाव खोडले तर हा मजकूर विदर्भातल्या कोणत्याही आजोबांच्या पुस्तिकेत खपून जाईल.

त्यांचे आयुष्य थोडक्यात असे. त्यांचे वडील मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, वावरात सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावरचे गडी, होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली तेव्हा आबाजी पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि चौथीनंतर शाळा सुटून बराच काळ लोटला होता. पुढे ते एका संत्रा दलालाकडे माल मोजायला आणि गाड्या भरायला लागले, त्यातून तीन एकर जमीन घेतली, विहीर खोदली, बाग लावली, थोडी जमीन बटईने करून कापूस पिकवला, गावात किराणा दुकान टाकले, दोन भाऊ शिकवले, बहिणींची आणि मुलींची लग्ने केली.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. धाकट्या आत्याची शाळा त्यांनी सातवीनंतर बंद केली, आणि मृत्युपत्रात बाग दोन्ही मुलग्यांच्या नावे लिहिली. आत्याने हे सगळे स्पष्ट शब्दांत लिहून पाठवले आहे. मोठे काका म्हणतात की हा मजकूर छापला तर पुस्तिका वाटू देणार नाही. आपल्यापैकी कोणी असे काम केले असेल तर अनुभव सांगावा.

बर्डीवरचा_बाक

वटवृक्ष आणि फणस तेवढे वगळा. छपाईचा खर्च आपोआप निम्म्यावर येईल.

नरखेडचा_बागवान

आबाजी कसे होते हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवून, ते कोणते काम कसे करत हे घरच्यांना विचारा, असे मी सुचवेन. माझे वडीलही संत्र्याचेच. ते गेल्यावर आम्ही भाऊ बसलो तेव्हा ‘प्रेमळ’ आणि ‘कडक’ हे दोन शब्द पाच मिनिटांत संपले. पण बोर्डो मलमाचा विषय निघाला आणि रात्र पुरली नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या, म्हणजे डिंक गळण्याचा रोग, लागू नये म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर जमिनीपासून सुमारे तीन फुटांपर्यंत हा मलम लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी, असे त्याचे प्रमाण. वडील मोरचूद रात्रीच वेगळ्या मडक्यात भिजत घालत, कारण लोखंडी भांडे चालत नाही. सकाळी दोन्ही द्रावणे एकत्र ओतून झाली की कमरेचा विळा त्यात बुडवून उन्हाकडे धरत. पात्यावर तांबूस झाक आली तर चुना कमी पडला आहे असे समजून मूठमूठ चुना वाढवत, पुन्हा विळा बुडवत, आणि पाते स्वच्छ निघाले तरच गड्यांना कुंचे हातात घेऊ देत. गडी ताटकळत उभे असत, आम्ही कंटाळत असू, त्यांना मात्र घाई ठाऊक नव्हती. त्यांच्या स्वभावाविषयी मला जे सांगायचे आहे ते सगळे या विळ्यात येते, म्हणून आम्ही स्मरणपत्रिकेत विशेषणे न लिहिता हेच लिहिले.

आंबिया बहाराचा, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्यासाठी झाडाला द्यायचा, ताण हा असाच दुसरा विषय. डिसेंबरात पाणी तोडायचे आणि पाने मलूल होऊन थोडी गळू लागली की पुन्हा सुरू करायचे, हे कृषी पुस्तिकेत दोन ओळींत लिहिलेले असते. पण हलक्या जमिनीत लवकर आणि भारी काळ्या जमिनीत उशिरा हे घडते, आणि हिशेब चुकला तर फुले येत नाहीत किंवा झाडच खंगते. आबाजी ते कशावरून ठरवत, हे त्यांच्या जुन्या गड्याला विचारा. मुलांना बहुधा सांगता येणार नाही.

गिरणीचा_भोंगा

बागवानांचे म्हणणे मला पटते, परंतु एक शंका आहे. काम वर्णन करण्याजोगे असेल तर हे ठीक. माझे आजोबा इथल्या एका कापडगिरणीत विणखात्यात होते. नागपुरात गिरणी म्हटले की १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी सुरू केलेली आणि पुढे बंद पडलेली एम्प्रेस मिलच सर्वांना आठवते. आजोबा तिथले नव्हते, पण कामाची तऱ्हा तीच. पाळी, माग, तुटलेला धागा जोडणे, पुन्हा माग. तीस वर्षे. त्यात विळा बुडवून पाहण्याचा क्षण कुठून आणायचा?

आम्हाला शेवटी मिळाले ते वेगळेच. मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसे ओठ वाचत आणि हातांनी बोलत. आजोबा घरीही तसेच करत. आजीला पाणी मागायचे तर तोंडाने न मागता अंगठा ओठाशी नेत, आणि बोललेच तर एवढ्या मोठ्याने की शेजारी समजत भांडण चालले आहे. लहानपणी आम्हाला ते तापट वाटायचे. त्यांना निम्मे ऐकूच येत नव्हते, हे कोणाच्या लक्षात आले नाही, आणि त्यांनीही कधी सांगितले नाही.

एक मात्र मनापासून सांगते: कष्टांचा गौरव करताना ते कष्ट त्यांनी निवडले होते असा सूर लावू नका. आजोबांना मॅट्रिक व्हायचे होते.

तात्या_महाल

मी या मंचावरच्या वयस्करांपैकी एक असल्याने थोडे वेगळे मत मांडतो. स्मरणपुस्तिका म्हणजे चरित्र नव्हे आणि न्यायनिवाडाही नव्हे. वर्षश्राद्धाला आलेला माणूस पान वाढेपर्यंत ती चाळतो, त्यात घरातली उणीदुणी वाचून त्याने करायचे काय? मृत व्यक्ती उत्तर द्यायला येत नाही, म्हणून तिच्याविषयी बरे तेवढेच बोलावे, हा संकेत आपल्याकडे उगीच रुजलेला नाही. आत्याबाईंची तक्रार खरी असेल; ती घरात बसून, काकांच्या समोर बोलावी. छापील कागदाला वाली नसतो.

उमरेडची_लेक

तात्या, तुमचा आदर राखून म्हणते, ती तक्रार घरात बसून पन्नास वर्षे बोलता आली असती तर आत्याबाईंनी कागद हातात घेतला नसता.

धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे. तुमच्या परिच्छेदात दलाल आहे, विहीर आहे, दोन भाऊ आहेत, गाड्या आहेत. आजी कुठे आहे? आमच्याकडे आजोबांचा मिरचीचा व्यापार होता. भिवापुरी मिरचीचा माल कोणाचा, भाव किती, कोणी कोणाला फसवले, हे सगळे त्यांच्या नावाने गावात अजून सांगतात. आजी हंगामभर सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, दुसऱ्या बायकांबरोबर देठ खुडायला बसायची आणि रात्री दोन्ही हात घंगाळातल्या पाण्यात कोपरापर्यंत बुडवून भिंतीला टेकून झोपायची, हे कोणी सांगत नाही, कारण ज्यांनी पाहिले त्या आम्ही मुली होतो. किराणा दुकान चालवणारा माणूस दिवसभर बागेत असेल तर दुकानात कोण असते, एवढे शोधा.

बर्डीवरचा_बाक

हा प्रश्न आमच्या घरी विचारायचा नाही, असे सौभाग्यवतींनी शेजारून वाचून कळवले आहे. उत्तर त्यांनाच ठाऊक आहे म्हणे.

शब्देविण_वाचक

मृत्युपत्रात काही लिहिले तरी कायद्याने आता मुलींचा वाटा आहेच ना? मग आत्याबाईंनी पुस्तिकेत कशाला, न्यायालयातच जावे.

काळा_कोट_सदर

तसे नाही. गैरसमज फार पसरलेला आहे म्हणून सविस्तर लिहितो. १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती आणि ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेली केंद्राची दुरुस्ती, या दोन्हींनी मुलींना जन्मतः हक्क दिला तो सहदायकी, म्हणजे बोलीभाषेत वडिलोपार्जित, मालमत्तेत. इथे आबाजींचे वडील सालदार होते आणि जमीन आबाजींनी स्वतः घेतली, त्यामुळे वर दिलेल्या माहितीवरून तरी ती स्वकष्टार्जित दिसते. अशी मालमत्ता मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीला देण्याचा अधिकार १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातच आहे. उलट त्यांनी मृत्युपत्र केलेच नसते, तर त्याच कायद्याने पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखे वाटे मिळाले असते. म्हणजे मुलींना वगळण्यासाठी त्यांना मुद्दाम कागद करावा लागला.

हे कायद्याचे झाले. पुस्तिकेत काय छापावे याला कोणतेही कलम लागू होत नाही. फक्त आत्याबाईंनी ‘माझा हक्क हिरावला’ असे लिहिले असेल तर ‘मला दिले नाही’ असे लिहावे. ते वस्तुस्थितीला धरून होईल.

पूर_पाहिलेला

आमचे मोवाड. ३० जुलै १९९१ च्या वर्धा नदीच्या महापुराविषयी इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे ते सांगत नाही. वडिलांचे कापडाचे दुकान आणि त्याबरोबर सगळ्या वह्या गेल्या. त्यांनी नंतर एक नवी वही आणली आणि आठवेल तशी उधारी लिहून काढली: नाव, कापड, रक्कम, आणि शक्य तिथे कोणत्या लग्नासाठी नेले तेही. काही लोक आपणहून देऊन गेले, काहींनी आकडा मान्य केला नाही, आणि काही नावांपुढे वडिलांनी स्वतःच रेघ मारली, कारण त्या घरात देणारेच कोणी उरले नव्हते. वसुली फारशी झाली नाही.

वडील गेल्यावर लिहायला आमच्याकडे ना फोटो होते ना कागद. ती एकच वही होती, आणि तीही एका अर्थी सगळी आठवणीवरच. तुमच्याकडे आबाजींच्या जुन्या वह्या असतील तर त्या आधी वाचा. लोकांचे लेख त्यानंतर वाचा.

कोतवालबुक

कागदांचा विषय निघालाच आहे म्हणून. जन्मतारीख छापण्यापूर्वी तपासून घ्या. त्या पिढीतल्या निम्म्या विदर्भाचा जन्म १ जुलैला झालेला आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची वाटत असे. तहसील कार्यालयात त्या गावचे कोतवाल बुक उपलब्ध असल्यास जन्माची नोंद मिळू शकते, शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीत शाळा सोडल्याचे वर्ष आणि कारण मिळते, आणि जमीन कधी कोणाकडून घेतली ते फेरफारात. आमच्या पणजोबांच्या बाबतीत ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात गुरुजींनी ‘गुरे’ एवढाच शब्द लिहिला आहे.

बर्डीवरचा_बाक

माझ्या वडिलांचा आणि सासऱ्यांचा, दोघांचाही वाढदिवस १ जुलै. केक एकच आणतो.

धंतोलीचा_नातू

सर्वांचे आभार. मी गेल्या रविवारी गावी जाऊन आलो. लिहिण्याजोगे बरेच हाती लागले आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

बागवान यांच्या सांगण्यावरून आबाजींच्या जुन्या गड्याला भेटलो. ते आता मुलाकडे पडवीत बसून असतात. ताण कधी तोडायचा हे आबाजी दुपारी ठरवत नसत, कारण ‘दुपारी तं सारीच झाडं माना टाकतेत’. ते पहाटे उठून पाने पाहत. रात्रीच्या गारव्यानंतरही पान उभे राहिले नाही तरच झाडाला खरी तहान लागली आहे असे धरत. पुढच्या काळात शेतीची वीज आठवडाआड रात्रीची झाली तेव्हा सत्तरीतले आबाजी बॅटरी घेऊन पंप सुरू करायला जात आणि मुलांना उठवत नसत. हे सांगून ते गडीकाका हसले आणि म्हणाले, ‘आम्हाले मात्र उठवत जाय.’ हे वाक्य मी जसेच्या तसे घेणार आहे. गड्यांना सालाचे धान्य ते वेळेवर देत, पण आजारपणातले खाडे कापत, हेही त्यांनीच सांगितले आणि तेही येईल.

मग वह्या. लाल कापडाच्या बांधणीचे रोजमेळ माळ्यावर होते, काही वाळवीने खाल्लेले. आबाजींचे अक्षर मोडी वळणाचे आणि बारीक. प्रत्येक दिवशी दुकानाची जमा दोन ओळींत आहे: एक नुसती, आणि दुसरीच्या आधी ‘दु.’ असे लिहिलेले. मी ते दुकान समजत होतो. आजीला दाखवले. ती म्हणाली, ‘दुपारचं. ते माझं होतं.’ आबाजी सकाळचा गल्ला उघडून बागेत जात, दिवेलागणीला परत येत, आणि मधल्या वेळचा हिशेब आजी तुरीच्या दाण्यांनी वेगवेगळ्या वाट्यांत ठेवत असे, कारण तिला लिहिता येत नव्हते. रात्री तो मोजून ते वेगळ्या ओळीत लिहीत. कित्येक पानांवर दुसरी ओळ पहिलीपेक्षा मोठी आहे. उमरेडच्या ताईंना म्हणून विशेष धन्यवाद. आबाजींनी हे कधी तोंडाने सांगितले नाही, पण नोंद मात्र एक दिवसही चुकवलेली नाही.

आता अवघड भाग. ज्या वर्षी आत्याची शाळा सुटली, ती वहीही सापडली. कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारने घेण्याची योजना, १९७२ मध्ये सुरू झाली, त्याच सुमाराची. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्यांनी यायचा, तसा पहिला हप्ता जमेला आहे. त्याखाली खर्चात मोठ्या काकांचे नागपूरच्या बोर्डिंगचे पैसे आहेत, दलालाचे फेडलेले कर्ज आहे, मोटेचे नवे चामडे आहे. आत्याच्या नावाने त्या महिन्यात काहीच नाही. त्याआधी दर जूनला तिच्या पाटी-पुस्तकाची नोंद असे. मी ते पान मोठ्या काकांसमोर ठेवले. काका म्हणाले की काटोलला मुलीला एकटी पाठवायची तेव्हा रीत नव्हती, पैशाचा प्रश्न नव्हता. आत्या फोनवर होती. ती म्हणाली, ‘एस.टी. होती. तुम्ही तिच्यातूनच गेले ना, दादा.’ बराच वेळ वाद झाला, आणि मी मध्ये पडलो नाही.

तात्या_महाल

हे वाचून वाईट वाटले. माझे मत तरीही बदललेले नाही. वहीचे पान हा खासगी कागद आहे.

गिरणीचा_भोंगा

तात्या, पण त्या पानावरून आबाजी वाईट ठरतात असे मला अजिबात वाटत नाही. पैसा थोडा होता, मागणारे तीन होते, आणि त्या काळचा बाप जे करी ते त्यांनी केले. आत्याला पुस्तक मिळाले नाही हेही तितकेच खरे. दोन्ही एकाच पानावर आहे म्हणूनच ते छापण्याजोगे आहे. विशेषणांच्या लेखात या दोन गोष्टी एकत्र कधीच आल्या नसत्या.

काळा_कोट_सदर

व्यावहारिक सूचना. दलालाचे नाव, कर्जाची रक्कम आणि उधारीवाल्यांची नावे झाकून छापा. त्यांचे वारस गावात असतील.

नरखेडचा_बागवान

पहाटेचे पान पाहण्याची गोष्ट माझ्या वडिलांना ठाऊक होती की नाही, ते आता कळायला मार्ग नाही. या हंगामात मी स्वतः करून पाहीन. ती विहीर अजून चालू आहे का? आमच्या भागात पाणी इतके खोल गेले आहे की जुन्या विहिरी बोअरच्या टाक्या होऊन बसल्या आहेत, आणि बाग तोडून पुन्हा कपाशी लावणारे पुष्कळ झाले.

धंतोलीचा_नातू

विहीर आहे, पण फेब्रुवारीनंतर कोरडी. अर्धी बाग गेली. उरलेल्या झाडांना काकांनी ठिबक केले आहे.

पुस्तिकेचे ठरले ते असे. विशेषणांचे लेख मी परत पाठवले आणि प्रत्येकाला आबाजींबरोबर केलेले एकच काम लिहायला सांगितले. निम्म्यांनी पाठवले, दोघे रुसले. आजीच्या ‘दु.’ नोंदींचे एक पान छायाचित्रासह येईल. आत्याचा मजकूर तिच्या नावाने, कोट-साहेबांनी सुचवलेली एक दुरुस्ती तिच्या संमतीने करून, पूर्ण येईल. काकांनी अट घातली की त्यासमोरच्या पानावर त्यांचे उत्तर छापले पाहिजे, आणि ते त्यांनी चार दिवसांत लिहूनही दिले. त्यात बोर्डिंगमधल्या उपासाच्या दिवसांविषयी असे काही आहे जे घरात कोणालाच माहीत नव्हते, आबाजींनाही नसावे. गड्याच्या आठवणी त्यांच्याच बोलीत राहतील. जन्मतारखेच्या जागी फक्त वर्ष टाकले आहे, कारण दाखल्यावर अपेक्षेप्रमाणे १ जुलै निघाली.

कोतवालबुक

अभिनंदन. शाळा सोडण्याचे कारण काय लिहिले आहे?

धंतोलीचा_नातू

आबाजींच्या नोंदीत ‘गैरहजर’. आत्याच्या नोंदीत तो रकाना रिकामा आहे.

तात्या_महाल

समोरासमोरच्या पानांवर बाप-लेकीचा आणि भावाचा वाद छापलेली स्मरणपुस्तिका मी आजवर पाहिलेली नाही, आणि ती पंगतीत वाटावी हे मला अजूनही पटत नाही. जेवणे आटोपल्यावर, विडे देताना वाटा. एक प्रत माझ्यासाठी राखून ठेवा. पत्ता व्यक्तिगत संदेशात कळवतो.